ट्रकला एअर सस्पेन्शन बसवताना कोणते भाग निवडायचे: कोकणातल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या ट्रकला एअर सस्पेन्शनची खरंच गरज आहे का?

माल काय भरता, त्यावर ठरतं. देवगड-रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या, मिरकरवाडा-हर्णैहून बर्फातली मासळी, काच, फर्निचर, यंत्रं असा हादऱ्याने खराब होणारा माल असेल आणि रस्ता मुख्यतः डांबरी-काँक्रीटचा असेल, तर पैसे वसूल होतात. पाट्यांची (पोलादी पानांच्या स्प्रिंगची) गाडी रिकामी असताना जास्त उडते. हवेवरची, म्हणजे पाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर तोललेली गाडी भरलेली असो वा रिकामी, जवळजवळ सारखीच चालते. परतीच्या फेरीत रिकामे क्रेट आणि बॉडीचे जोड कमी हलतात, हा फायदा बरेचजण धरतच नाहीत.

जांभ्याचा चिरा, वाळू, खडी वाहणाऱ्या गाड्यांना मात्र पाटेच बरे. खाणीतल्या रस्त्यावर धारदार दगड उडून बलूनला लागतो. शिवाय तिथे भार मोजून भरायची पद्धत नाही, आणि मोजलेला भार नसेल तर हवेचं गणित पहिल्याच पायरीला अडतं.

बलून आधी घ्यायचे ना?

नाही, बलून शेवटी घ्यायचे. आधी मागच्या ॲक्सलवरचं वजन, मग ॲक्सल धरून ठेवणारे दांडे, मग ब्रेकशी असलेला संबंध, मग हवा कुठून येणार, आणि या सगळ्यातून बलूनचा आकार. दुकानात दिसला म्हणून बलून उचलला आणि नंतर त्याच्याभोवती ब्रॅकेट जुळवले, तर पहिला पाऊस संपायच्या आत गाडी परत गॅरेजला येते.

वजन कसं मोजायचं आणि त्यातून बलूनचा आकार कसा काढायचा?

वजनकाट्यावर गाडी दोनदा न्या, एकदा रिकामी आणि एकदा नेहमीचा पूर्ण माल भरून. दोन्ही वेळा संपूर्ण गाडीबरोबर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वेगळं वजन घ्या. आरसी बुकावरचा आकडा पुरत नाही, कारण इन्सुलेटेड बॉडी, बर्फ आणि मागे लटकवलेली स्टेपनी यांनी मागचा भार बदललेला असतो.

एक सहा टायरी गाडी घेऊ. भरलेली असताना मागच्या ॲक्सलवर ८,००० किलो, रिकामी असताना २,६०० किलो. ॲक्सल, चाकं, ड्रम यांचं वजन बलूनवर येत नाही. ते ९०० किलो धरून वजा करा. उरले ७,१००, म्हणजे एका बाजूला ३,५५० किलो.

बलून बरोबर ॲक्सलच्या डोक्यावर असेल तर हाच भार. पण बहुतेक जुळणीत बलून ॲक्सलच्या मागे, ट्रेलिंग आर्मच्या (पुढे चासीला पिनने जोडलेल्या, ॲक्सल धरणाऱ्या दांड्याच्या) शेपटावर बसतो. आर्मच्या पिनपासून ॲक्सल ५०० मिमी आणि बलून ७५० मिमी असेल तर भार ३,५५० × ५०० ÷ ७५०, म्हणजे सुमारे २,३७० किलो होतो. पूर्ण भाराला ५.५ बार दाब ठेवायचा ठरवला, तर १ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १.०२ किलो धरून लागणारं क्षेत्रफळ साधारण ४२२ चौरस सेंमी येतं. म्हणजे सुमारे २३२ मिमी परिणामी व्यास (हवेचा दाब ज्या क्षेत्रावर भार उचलतो त्याचा व्यास). हा बलूनचा बाहेरून दिसणारा व्यास नव्हे. बाहेरचा व्यास नेहमी याहून मोठा असतो, आणि दोन्ही आकडे कंपनीच्या तक्त्यात वेगळे दिलेले असतात.

आता हेच उलट तपासा. रिकाम्या गाडीत बलूनवर ५७० किलोच्या आसपास येतात, म्हणजे दाब १.३ बार. ठीक आहे. "मोठा घेतला तर बरा" म्हणून ३०० मिमी परिणामी व्यासाचा बलून घातला असता, तर रिकामा दाब ०.८ बारवर आला असता. इतक्या कमी हवेत रबर आत दुमडतं, पिस्टन (बलूनचा खालचा भाग, ज्यावर रबर गुंडाळतं) आणि वरच्या प्लेटच्या मध्ये चिमटतं आणि तिथेच चिरतं. मोठा बलून फाटण्याचं नेहमीचं कारण हे आहे, कमी मजबुती नव्हे.

पूर्ण भाराला ५.५ बारच का? ७ का नाही?

बहुतेक ट्रक बलूनची कमाल चालती मर्यादा ७ बारच्या आसपास असते आणि गाडीची हवेची यंत्रणा ८ बारच्या जवळपास हवा भरणं थांबवते. घाटात ब्रेक वापरत असताना टाकीतला दाब खाली येतो. बलूनलाच ७ बार लागत असतील तर नेमकी चढ-उताराला गाडी खाली बसते. दीड-दोन बारची फट हातात ठेवा.

दोन-तीन घड्यांचा बलून की सरळ, पिस्टनवर गुंडाळणारा?

पूर्ण हवेच्या जुळणीला गुंडाळणारा. त्याची हालचाल लांब असते आणि उंची बदलली तरी परिणामी क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, त्यामुळे चाल मऊ राहते. घड्यांचा बलून कमी उंचीत जास्त भार घेतो, पण तो ताठ असतो, आणि जसजसा उंच होतो तसतसं त्याचं क्षेत्रफळ घटतं. पाट्यांना मदत म्हणून, किंवा जागा फारच कमी असेल तिथे तो चालतो. लिफ्ट ॲक्सललाही तोच वापरतात.

हालचालीचं गणित विसरू नका. ॲक्सल ८० मिमी वर आणि ८० मिमी खाली जाणार असेल, तर वरच्या उदाहरणातला बलून आर्मच्या टोकाला असल्याने दीडपट, म्हणजे १२० वर आणि १२० खाली हलतो. एकूण २४० मिमी स्ट्रोक नसलेला बलून तिथे बसणारच नाही.

फुगलेल्या बलूनभोवती सगळीकडून किमान २५ मिमी मोकळी जागा हवी. टायर, ब्रेक चेंबर, वायरिंगची क्लिप, शॉकअपचा बोल्ट यांपैकी काहीही घासलं तर रबर आतल्या धाग्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

खाऱ्या हवेत बलूनचा कोणता भाग आधी जातो?

रबर नाही. वरची पत्र्याची प्लेट, जिथे रबराची कड दाबून बसवलेली असते, तिथे गंज धरतो. गंज फुगला की कड उचलली जाते आणि हवा हळूहळू निघते. मासळीच्या गाडीत वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी थेट मागच्या चासीवर टपकतं, त्यामुळे समुद्राकाठी नुसती उभ्या राहणाऱ्या गाडीपेक्षाही इथे परिस्थिती वाईट असते.

म्हणून पिस्टन शक्यतो ग्लास भरलेल्या नायलॉनचा घ्या, लोखंडी नको. प्लेटला झिंकचं चांगलं आवरण हवं. बसवण्याआधी प्लेट आणि चासी ब्रॅकेटच्या मध्ये झिंकयुक्त प्रायमर मारा, आणि बोल्टची टोकं मेणासारख्या गंजरोधकाने झाका. हे मेण रबराला लावू नये. हौद्याच्या पाण्याची नळी बलूनपासून दूर, चाकाच्या मागे सोडा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच सगळ्यात कमी केला जातो.

सर्व्हिसिंगला अंडरबॉडीवर डिझेल मारायची सवय बलूनच्या गाडीला चालणार नाही. डिझेल, ऑइल, ग्रीस यांनी रबर फुगून मऊ होतं. गोडं पाणी आणि सौम्य साबण पुरे.

पाटे काढले की ॲक्सल कशाने धरायचा?

या प्रश्नात बहुतेक घरगुती जुळण्या फसतात. पाटा फक्त भार घेत नाही. तो ॲक्सलला पुढे-मागे, आडवा आणि ब्रेक मारताना फिरण्यापासूनही धरतो. बलून यातलं एकही काम करत नाही.

त्यासाठी दोन मजबूत ट्रेलिंग आर्म हवेत, आडवी हालचाल रोखण्यासाठी पॅनहार्ड रॉड (एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला जोडलेला आडवा दांडा) किंवा व्ही-रॉड हवा, आणि ड्राइव्ह ॲक्सल असेल तर हौजिंग फिरू नये म्हणून वरचा टॉर्क रॉडही लागतो, आर्म स्वतः ॲक्सलला घट्ट जखडलेले असतील तर गोष्ट वेगळी. पॅनहार्ड रॉड शक्य तेवढा लांब आणि चालत्या उंचीला आडवा ठेवा. आखूड रॉड असेल तर प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल बाजूला सरकतो आणि मागून गाडी हलल्यासारखी वाटते.

बुश रबर-लोखंडाचे, जाडजूड घ्या. पॉलीयुरेथेनचे ताठ बुश शहरी पिकअपला ठीक आहेत, पण भरलेल्या ट्रकला ते आवाज करतात आणि ब्रॅकेटला तडे पाडतात.

बसवल्यावर दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. फरक ३ मिमीहून जास्त असेल तर गाडी तिरकी धावते आणि टायर एका कडेने खातात. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे (टोकांच्या सांध्यांचे) कोन चालत्या उंचीला जवळजवळ सारखे आले पाहिजेत. नाहीतर वेग घेतल्यावर थरथर सुरू होते आणि फिटर उगाच शाफ्ट बॅलन्स करत बसतो.

चासीला ब्रॅकेट वेल्ड केले तर?

करू नका. ट्रकच्या चासीचं पोलाद उष्णतेने कमकुवत होतं, आणि वरच्या-खालच्या फ्लँजवरचं (आडव्या कडांवरचं) वेल्डिंग तर तड्याला आमंत्रणच. उभ्या पट्टीत शक्यतो कंपनीचीच भोकं वापरून १०.९ ग्रेडचे फ्लँज बोल्ट लावा. फ्लँजमध्ये नवं भोक पाडू नका. यू-बोल्ट एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत. बसवल्यावर ५०० किलोमीटरला सगळं पुन्हा टॉर्क रेंचने आवळायचं.

ब्रॅकेट वेगळे बनवताना वेल्डिंग होणारच. ते गाडीवर करावंच लागलं तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा आणि बलून, नायलॉन नळ्या ओल्या गोणपाटाने झाका. एक ठिणगी नळीला भोक पाडते आणि ते भोक आठवड्याने सापडतं.

ब्रेकचा आणि सस्पेन्शनचा काय संबंध?

दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही जिवाशी निगडित आहेत.

पहिला संबंध हवेचा. एअर ब्रेकच्या गाडीत सस्पेन्शनला हवा ब्रेकच्याच कॉम्प्रेसरकडून मिळते. मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह नसेल तर बलून फुटल्यावर ब्रेकची हवाही निघून जाते. साधारण ६ बारच्या वर उघडणारा आणि खाली मिटणारा व्हॉल्व्ह घ्या, त्यानंतर चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), मग सस्पेन्शनची स्वतंत्र टाकी. ब्रेकच्या टाकीवर थेट टी (तीन तोंडांचा जोड) मारून घेतलेली लाईन आम्ही कोणत्याही कारणाने मान्य करत नाही.

दुसरा संबंध भार ओळखणाऱ्या व्हॉल्व्हचा, म्हणजे एलएसव्हीचा. बऱ्याच गाड्यांत त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. पाटे दबले की त्याला कळतं गाडी भरली आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त हवा जाते. हवेच्या सस्पेन्शनवर उंची बदलतच नाही. म्हणून त्या दांड्याला गाडी कायम रिकामी वाटते आणि पूर्ण भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धेच लागतात. आंबा घाट किंवा करूळ घाट उतरताना हे कळावं अशी वेळ नको. बलूनच्या दाबावरून भार ओळखणारा एलएसव्ही बसवावाच लागतो, आणि त्याची सेटिंग गेज लावून रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही दाबांना तपासून घ्यावी लागते.

लेव्हलिंग व्हॉल्व्ह (उंची सारखी ठेवायला बलूनमध्ये हवा भरणारा-सोडणारा) एक की दोन?

एका मागच्या ॲक्सलला बहुतेक वेळा एकच, मधोमध. दोन बाजूंना दोन लावले की एक भरतो, दुसरा सोडतो, आणि दोघांची ओढाताण चालू राहते. गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला कलते आणि हवा वाया जाते. एका व्हॉल्व्हच्या जुळणीत झुकण्याला विरोध अँटी-रोल बारने करायचा. उंच इन्सुलेटेड बॉडीला हा बार ऐच्छिक नाही.

व्हॉल्व्ह घेताना थोडा उशिरा प्रतिसाद देणारा घ्या. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तो हवा भरतो-सोडतो आणि कॉम्प्रेसर दमतो. बसवताना एकच तपासणी करा: दांडा वर ढकलला की बलूनमध्ये हवा गेली पाहिजे आणि खाली ओढला की सुटली पाहिजे. उलटा बसला तर भरलेली गाडी बसते आणि रिकामी आकाशाकडे जाते. चालती उंची बलूनच्या तक्त्यात दिलेली आहे तीच ठेवा. "गाडी जरा उंच दिसू दे" म्हणून जोडदांडा लांब केला, तर बलून, शॉकअप आणि क्रॉस तिन्ही एकदम खराब होतात.

जुने शॉकअप चालतील?

नाही. पाट्यांमध्ये पानं एकमेकांवर घासतात आणि त्यातूनच बराच झोका मरतो. बलूनमध्ये ते घर्षण जवळजवळ नाही, म्हणून शॉकअपला जास्त काम पडतं. शिवाय ॲक्सल खाली लटकताना थांबवण्याचं काम शॉकअपचंच असतं. त्याची पूर्ण उघडी लांबी बलूनच्या कमाल उंचीपेक्षा आधी संपली पाहिजे. तसं नसेल तर जॅक लावल्यावर बलून ताणला जाऊन प्लेटमधून सुटतो. शॉकअप फुटल्यावर बलून फाटतो हा क्रम इतका नेहमीचा आहे की फाटलेला बलून बदलताना आधी शॉकअप तपासावा.

माझी गाडी छोटी आहे, एअर ब्रेक नाहीत. हवा कुठून आणू?

इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर लागेल. आधी गाडी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची ते पाहा. २४ व्होल्टच्या गाडीत एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून कॉम्प्रेसर चालवला तर दोन बॅटऱ्यांचं चार्जिंग बिघडतं आणि एक लवकर मरते.

१२ व्होल्टचा मध्यम कॉम्प्रेसर साधारण २० ॲम्पियर खेचतो. किमान ६ चौरस मिमी तार, बॅटरीजवळ ३० ॲम्पियरचा फ्यूज, ४० ॲम्पियरचा रिले, आणि ६.५ बारला चालू होऊन ८ ला बंद होणारा प्रेशर स्विच. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. कॉम्प्रेसर चासीखाली बसवू नका. केबिनच्या मागे उंचावर, हवा ओढायची नळी आणखी वर. जुलैतल्या पाण्यातून एकदा गाडी गेली की खालचा कॉम्प्रेसर पाणी ओढतो आणि संपतो.

टाकी किती लिटरची?

दोन बलून मिळून २० लिटर धरले आणि दाब २ वरून ५ बारवर न्यायचा असेल, तर २० × ३ म्हणजे ६० लिटर मोकळी हवा लागते. २० लिटरची टाकी ८ वरून ५ बारवर उतरताना तेवढीच देते, म्हणजे अगदी काठावर. ३० ते ४० लिटरची घ्या. ॲल्युमिनियमची टाकी गंजत नाही हे खरं, पण ती लोखंडी पट्ट्यांना थेट टेकवली तर खाऱ्या ओलाव्यात सांध्याशी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबराची पट्टी घाला. निचऱ्याची तोटी सगळ्यात खालच्या बाजूला आणि हाताला येईल अशी हवी.

एअर ड्रायर लागतोच का? पुण्याच्या गाड्यांना तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

तिकडची हवा कोरडी असते. इथे पावसाळ्यात दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं आणि टाकीतून व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. लेव्हलिंग व्हॉल्व्ह आतून चिकटतो, गाडी एका उंचीला अडकते, आणि लोक बलूनला दोष देतात. ड्रायर घ्या, त्याचं काडतूस दरवर्षी पावसाळ्याआधी बदला, आणि जून ते ऑक्टोबर टाकीचं पाणी रोज काढा. पाण्याबरोबर काळं तेल येत असेल तर कॉम्प्रेसरची रिंग गेली आहे. तेल लागलेलं काडतूस ओलावा शोषत नाही.

नळ्या आणि जोड?

ट्रकच्या ब्रेकला वापरतात ती काळी नायलॉन नळी. पुरवठ्याला १२ मिमी, बलूनकडे ८ किंवा १०. पारदर्शक निळी पीयू नळी कारखान्यातल्या मशीनसाठी असते, सायलेन्सरच्या उष्णतेत ती मऊ पडते. जोड पितळी घ्या. नळी करवतीने नाही, कटरने काटकोनात कापा. तिरका काप हे हळू गळतीचं पहिलं कारण. सायलेन्सरपासून १५० मिमी तरी दूर न्या, नाहीतर मध्ये पत्रा लावा.

सफेदा आणि सुतळी घरच्या नळाला ठीक. इथे तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. टेफलॉन टेपचंही तेच होतं. ओ-रिंगवाले जोड किंवा द्रव सीलंट वापरा.

पिकअपला पाटे ठेवून फक्त मदतीचे बलून लावले तर?

चांगला आणि स्वस्त पर्याय आहे. एकच अट: डावा-उजवा बलून एका टी-ने जोडू नका. वळणावर बाहेरच्या बलूनमधली हवा आतल्या बलूनमध्ये पळते आणि गाडी जास्त झुकते. दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे निपल. रिकाम्या गाडीतही अर्धा बार हवा कायम ठेवा. आणि गाडीचा मागचा भाग उचलला गेला म्हणून गाडीची क्षमता वाढली असं समजू नका.

आरटीओचं काय? भार जास्त भरता येईल का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आपल्या कार्यालयात, म्हणजे पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात, लेखी विचारा आणि भागांची बिलं, मान्यतेचे कागद जपून ठेवा. फिटनेसच्या वेळी तेच मागतात. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी लागतं, तेव्हा हा प्रश्न टळत नाही. विमा कंपनीलाही कळवा.

बलून बसवल्याने आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. जादा भाराला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवावा लागतो.

मासेमारी बंद असताना गाडी उभी राहते. तेव्हा काय करायचं?

बलून पूर्ण बसलेले ठेवू नका. दुमडलेल्या रबरात खारी माती अडकते आणि पहिल्या फुगवणीला तिथेच घासते. चासी लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, बलूनमध्ये एक बारच्या आसपास हवा ठेवा, टाकीतलं पाणी पूर्ण काढून तोटी मिटा. त्याआधी बलूनच्या घड्या गोड्या पाण्याने धुऊन घ्या. पुन्हा सुरू करताना पूर्ण दाबापर्यंत भरा, इंजिन बंद करा, दोन्ही बाजूंची उंची खडूने लिहून ठेवा आणि सकाळी परत मोजा. एक बाजू १५ मिमीहून जास्त बसली असेल तर साबणाचं पाणी आधी जोडांना, मग प्लेटच्या कडेला, शेवटी लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या सुटीच्या तोंडाला लावा. तिथे बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह उघडून साफ करा, बलून बदलायची गरज नाही.